जड नायट्रोजनची बाटली

पंप सुरू केला की आमचे मशीनवाले काका त्याच्यावर तळवा ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "दमानं घ्या, मॅडम. आत अजून हवा हाय." तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल बघा, पदवी नसलेला आणि पदवीवाल्यांना पुरून उरणारा.

जुन्नर रस्त्यावरच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत काका रेणूंचं वजन मोजणारं मशीन सांभाळायचे. रोज घाटघरहून एसटीनं यायचे. मी तेव्हा पीएचडी करत होते, आणि काय माझा तोरा! भाजी आणायलासुद्धा पांढरा कोट घालून जायचे. नातीला हे सांगितलं की ती पोट धरून हसते.

लोखंडाच्या अणूला कार्बन मोनॉक्साइडचे रेणू चिकटलेले असायचे. निर्वातात त्यातला एक उडवायचा आणि त्या रिकाम्या जागी नायट्रोजन बसतो का ते पाहायचं, हे माझं काम. नायट्रोजन महाआळशी, सहसा कुणाशी जुळत नाही. एके सकाळी उरलेल्या रेणूचं वजन बरोबर अठ्ठावीसनं वाढलेलं दिसलं. नायट्रोजनचंही अठ्ठावीसच! मी मार्गदर्शकांना फोन केला, ओझरला जाऊन पेढे आणले आणि सगळ्यांना वाटले.

काकांनी पेढा सावकाश खाल्ला. "ग्वाड हाय. पण मॅडम, कार्बन मोनॉक्साइड बी अठ्ठावीसच की. उठून गेलेला पावणाच परत येऊन बसला नसंल कशावरनं?"

हे तर मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण उद्या पुण्यात मांडायचं होतं, तीन वर्षांची मेहनत पणाला लागलेली. मी त्यांच्यावरच चिडले. त्यांनी हात पुसले. कपाटातून जड नायट्रोजनची बाटली काढली. ह्या नायट्रोजनचं वजन तीस. खरंच नायट्रोजन बसत असेल तर पडद्यावरची रेघ दोन घरं पुढं सरकणार. नाही सरकली तर शोध पेढ्यांसकट पचला म्हणायचा.

निर्वात व्हायला संध्याकाळ झाली. त्यांची शेवटची गाडी सुटणार होती, ते निघाले. मी एकटीनं वायू सोडला आणि पडद्याकडं बघत बसले.

रेघ सरकली.

मी तशीच धावत सुटले, कोट फडफडवत, एक चप्पल हातात घेऊन. थांब्यावर पोचले तेव्हा गाडी हललेली. त्यांनी खिडकीतून मान काढली आणि दोन बोटं वर केली, डोळ्यांत प्रश्न. धापा टाकत मी गाडीमागं चार पावलं पळाले. मीही दोन बोटं वर केली.

वळणाआड गाडी दिसेनाशी होईपर्यंत खिडकीबाहेर ती दोन बोटं नाचत होती. महिनाअखेरीस ते निवृत्त झाले.