रुंद कात्रणं

कुठलंही काम छपाईला सोडायच्या आधी बाई प्रूफाचा कागद उलटा धरायच्या. वरचं खाली, खालचं वर. मग चष्मा कपाळावर सरकवायचा आणि कागद नाकाशी नेऊन बघत बसायचं. मी म्हणायचो, "बाई, देवानं मुंडकं सरळ दिलंय, सरळ वाचा की."

मान वर न करता त्या म्हणायच्या, "सरळ धरलं की डोळा वाचायला लागतो, आप्पा. उलटं करून बघा, मग चूक दिसती."

हे वाक्य आता कुणी म्हणत नाही, तरी मला ऐकू येतं. मशीनशी उभा असलो की डाव्या खांद्यामागून येतं. त्यांची खुर्ची तिथंच होती.

आमचा छापखाना शिरूरचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पिशव्या असलं काम. मी तिथं कागद कापतो. शाळा चौथीपर्यंत, पुढं गुरं, आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून ही कापायची मशीन. वाचायला मला आजही वेळ लागतो. पण गठ्ठ्यावर तळहात ठेवला की आत किती कागद आहेत ते सांगतो, आणि ते चुकत नाही. मशीन जुनी, चाक हातानं फिरवायचं, रेघ डोळ्यानं धरायची. शेठ म्हणाले, नवी आणू, बटणाची. मी म्हणालो, मग बटण दाबायला दुसरा बघा.

बाई केडगावच्या. भावाकडं राहायच्या आणि न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं रोज शिरूरला यायच्या. चाळिशी उलटलेली, अंगानं काटकुळ्या, आवाज बारीक. काम कंप्यूटरवर, चित्रं आणि अक्षरं जुळवून छपाईची फाईल तयार करायचं. एकदा एका पत्रिकेत नवरीच्या नावाजागी मामीचं नाव बसलं होतं. घरच्यांनी वाचली, भटजींनी वाचली, शेठनी वाचली. बाईंनी उलटी धरली आणि म्हणाल्या, "मामींचं लगीन पुन्हा लावायचंय का?" ती मामी पुढं दोन वर्षं दिवाळीला बाईंसाठी चकल्या पाठवत होती.

आता एक गोष्ट सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पत्रिकेचा रंग अगदी काठापर्यंत पोचलेला तुम्ही बघता. तो तसा यावा म्हणून चित्र कापायच्या रेघेच्या बाहेरही थोडं वाढवून छापतात. पाती केसभर सरकली तरी पांढरा कागद दिसत नाही. या वाढवलेल्या भागाला आम्ही ब्लीड म्हणतो. कापल्यावर तो माझ्या पायाशी कात्रण होऊन पडतो.

बाईंच्या कामाची कात्रणं रुंद पडायची. मला ते खटकायचं.

"बाई, कागद माहेरचा हाय का?"

"माहेरचाच हाय. तुम्ही कापा."

"एवढी नासाडी कशापायी?"

"मला भ्या वाटतं, आप्पा. मी भित्री बाई."

मी हसायचो. शेठही कुरकुरायचे, की एका कागदावर कमी पत्रिका बसतात. बाई ऐकून घ्यायच्या आणि कात्रण होतं तेवढंच राहायचं.

एकदा पाटसकडचे एक बागायतदार आले. त्यांच्या वडलांचं वर्षश्राद्ध होतं. लोक वर्षश्राद्धाला भांडी वाटतात, तुळशीची रोपं वाटतात. यांना पत्त्यांचे जोड वाटायचे होते. दादा, म्हणजे त्यांचे वडील, रोज दुपारी गावच्या पारावर मेंढीकोट खेळायचे. पन्नास वर्षं खेळले आणि एकदाही पत्ता लावला नाही की चोरून बघितला नाही, अशी त्यांची कीर्ती. म्हणून प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर दादांचा फोटो पाहिजे होता.

बाईंनी फोटो कमरेपर्यंत घेतला आणि त्याच्या खाली तोच फोटो उलटा जोडला, राजा-राणीला असतो तसा. बागायतदार भडकले. "आमच्या बापाला उलटा टांगला व्हय?"

बाईंनी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फिरवा." त्यांनी फिरवला. "आता बघा. कसाबी धरा, दादा तुमच्याकडं सरळच बघत्यात. पत्त्यात कुणी उलटं नसतं."

तो धिप्पाड माणूस कागद फिरवत कितीतरी वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "पर भोवतीनं फ्रेम पाहिजे. गेलेल्या माणसाचा फोटो बिगर फ्रेमचा उघडा दिसतो."

बाईंनी मान हलवली. "फ्रेम नको. पत्ता एवढासा. कापताना जरा हललं, तर फ्रेम एकीकडं जाड, एकीकडं बारीक दिसंल. पाठीवरनं पत्ता वळखू येईल. रंग काठापर्यंत जाऊ द्या."

मी मशीनपाशी होतो. सगळं ऐकलं. "कापताना हललं" हे मला लागलं. मी पुढं आलो आणि गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "हलायला काय झालं? हा हात या मशीनवर एकदाबी हाललेला न्हाई. ठेवा फ्रेम."

"आप्पा, ऐका माझं."

"ठेवा म्हणतो ना!"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मला वाटलं, बाई हरल्या. मग त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी फोटोभोवती फ्रेम आखली.

पत्ते मी कापले. कोपरे गोल केले, जोड लावले. मला एकदम सरस दिसले. बाई त्या दिवशी भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या, त्यामुळं उलटं धरून बघायला कुणी नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली आणि दादांचे सोबती तो नवा जोड घेऊन पारावर बसले. दुसऱ्याच डावाला एका म्हाताऱ्यानं पत्ते खाली ठेवले. म्हणाला, "बदामाचा एक्का तुझ्यापाशी हाय. इस्पिकची दश्शी याच्यापाशी." पाठीवरच्या फ्रेमा वेगवेगळ्या तिरक्या होत्या. कुणाची डावी कड जाड, कुणाची उजवी. तो म्हातारा म्हणे हसत बोलला, "जित्तेपणी कधी पत्ता लावला न्हाई, आन् मेल्यावर दादा खुणा सांगाया लागले." सगळे हसले. दादांचा मुलगा मात्र उठून घरात गेला आणि दार लावून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे जोड आणून शेठच्या टेबलावर ओतले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या बापाच्या नावाला हसले लोक."

तो गेल्यावर शेठनी विचारलं, "कुणाचं काम हे?"

मी पाती पुसत होतो. पुसतच राहिलो.

बाईंनी एक पत्ता उचलला, उलटा केला, बघितला आणि परत ठेवला. म्हणाल्या, "फाईल माझी. फ्रेम मी ठेवली."

शेठ नको नको ते बोलले. बाईंनी एकदाही माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. मग त्यांनी फ्रेम काढून, रंग काठापर्यंत नेऊन नवी फाईल केली. तीही मीच कापली. पत्ते सुबक आले, एकसारखे. मी मनाशी म्हणालो, बघा, म्हणजे फाईलच चुकली होती. खोटं सांगत नाही, मी तेव्हा तसंच धरून बसलो. महिना भरला आणि बाईंनी काम सोडलं. जाताना म्हणाल्या, "येते आप्पा. जपून कापा."

नासलेले जोड शेठनी रद्दीत घालायला सांगितले. एक मी घरी नेला. कशाला नेला ते ठाऊक नाही. पेटीत कपड्यांखाली ठेवला, तरी दादा सुखानं बसू देत नाहीत. पत्ता कसाही काढा, ते सरळ माझ्याकडं बघतात.

दोन वर्षं गेली. बाईंच्या खुर्चीत दोघे येऊन गेले; पत्रिकेच्या काठाला पांढरी रेघ दिसली की मी त्यांच्या फाईलीला नावं ठेवायचो. आता तिसरा आहे, सणसवाडीहून गाडीवर येतो, दोन पोरांचा बाप, कामाला नीट. गेल्या उन्हाळ्यात बाईंनी केलेल्या एका जुन्या पत्रिकेसारखीच नवी पत्रिका छापायला आली. त्यानं फाईल उघडली आणि मला विचारलं, "आप्पा, ह्या बाई ब्लीड पाच मिलिमीटर का सोडायच्या? तीन बास होतंय. सगळीकडं तीनच सोडत्यात."

"पयल्यापासनं पाच असंल," मी म्हणालो.

त्यानं आणखी फाईली उघडून बघितल्या. "न्हाई. सुरुवातीच्या तीनच्या हायत. नंतरच्या सगळ्या पाचच्या."

मी विचारलं, "नंतर म्हंजी कवापासनं?"

त्यानं सांगितलं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते वरीस. डोळा तर नीट झाला होता; मग उरला हात.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. हात मांडीवर ठेवले आणि बघितले. उजवा हलत होता. थोडासाच, पाण्यावर पान हलावं तसा. कवापासनं हलतोय, हे मला ठाऊक नव्हतं. बाईंना ठाऊक होतं. इतकी वर्षं जे सरळ कापलं म्हणून मी मिरवलं, ते त्या जास्तीच्या दोन मिलिमीटरात झाकलेलं होतं. फ्रेम आली आणि झाकायला काही उरलं नाही. फ्रेम नको, असं त्या म्हणाल्या. का नको ते मात्र चारचौघांत म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी केडगावची एसटी धरली. घर विचारत गेलो. दारात भावजय तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "बाई हायत का? शिरूरच्या छापखान्यातला आप्पा आलाय म्हणून सांगा."

तिनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "त्यांना जाऊन आठ म्हयनं झालं. तुम्हाला कळलं न्हाई व्हय?"

आत भिंतीवर फोटो होता. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. कापणाऱ्यानं फार जवळून कापला होता. एक कान गेला होता.

भावजयीनं चहा दिला. म्हणाली, "तुमचं नाव लय घ्यायच्या. आप्पांसारखा सरळ हात आख्ख्या शिरूरात न्हाई म्हणायच्या."

चहा तसाच निवला. जे सांगायला गेलो होतो, ते त्या फोटोपुढं सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा एक पत्रिका कापायला आली होती. नव्या माणसानं गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. रेघा बघितल्या. तीनच्या होत्या.

"पुढच्या कामापासनं पाच सोड," मी म्हणालो.

"कशापायी, आप्पा?"

शेठ टेबलाशी होते. त्यांनी ऐकावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "माझा हात हालतोय. त्या पत्त्यांच्या वक्तालाबी हालत होता."

शेठनी चष्मा काढला आणि पुसला.

पुढचं काम आलं ते पाचचं. चाक फिरवलं, पाती खाली आली, कात्रण पायाशी पडलं. रुंद. मी ते उचललं आणि उलटं धरलं. त्यावर वेलबुट्टीचा एक तुकडा होता. काठाबाहेरचा, कुणाच्याच घरी न जाणारा.