डाव्या हाताची शाई

याडीचा उजवा हात दिसायच्या आधी ऐकू यायचा. मनगटापासून दंडापर्यंत तिच्या पांढऱ्या बांगड्या असत. हात वर जाऊ लागला की त्या एकमेकींवर घसरत आणि खुळखुळ आवाज होई. यवतमाळच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत माझी खुर्ची तिच्याकडे पाठ करून असायची. तरी मला कळायचं, आज हात खांद्यापर्यंत आला, आज कानाच्या वर गेला. माझा हात मांडीवर पडलेला असायचा आणि मी पाठमोरा बसून तिच्या बांगड्या ऐकत जळत असायचो.

आम्हा दोघांना एकाच महिन्यात लकवा झाला होता, दोघांनाही उजव्या अंगावर. ती आर्णी रस्त्यावरच्या एका तांड्यातली, जन्मभर कापूस वेचलेली. मी बाभुळगावचा, ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेला. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. तिचा मुलगा तिला तशी हाक मारायचा, म्हणून त्या खोलीतले सगळेच तिला याडी म्हणू लागले. मी बरेच दिवस तिला काहीच म्हटलं नाही. ती मला 'बुकवाले' म्हणायची, कारण मेंदूवरचं एक जाड पुस्तक मी नेहमी बरोबर नेत असे.

"काय लिवलं हाय जी त्यात?" तिनं एकदा विचारलं.

मी सविस्तर सांगितलं. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. त्याच्या आजूबाजूचा भाग हळूहळू त्याचं काम शिकतो, पण हाताला पुन्हा पुन्हा काम दिलं तरच, आणि पहिले काही महिने फार मोलाचे. याडीनं मान हलवली. "म्हंजे एखादी बाई आजारी पडली तं तिची वेचाची ओळ बाकीच्या बाया वाटून घेतात, तसंच हाय. पण बाया वावरात तं गेल्या पाह्यजे."

ते प्रकरण समजून घ्यायला मला आठ दिवस लागले होते. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोललो नाही.

ती हसायची फार. एकदा मला मोठी जांभई आली आणि माझा पडून राहिलेला हात आपोआप छातीपर्यंत वर आला. मी आनंदानं बायकोला हाक मारली, "अगं, पाहा!" जांभई संपली आणि हात धपकन खाली पडला. पुन्हा उचलायला गेलो तर बोटं उलट घट्ट मिटली. असं होतं, हे पुस्तकात होतंच, पण त्या क्षणी पुस्तक कुठे आठवतं! याडी पदर तोंडाला लावून हसली. "बुकवाले, तुमचा हात झोपेचा दोस्त हाय, कामाचा नाही." माझी बायकोही हसली. तिचं हसणं मला जास्त लागलं.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला एक कठीण नेम दिला. रोज काही तास चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावंच लागतं. माझ्या बायकोनं डाव्या हातासाठी जाड कापडाची थैली शिवली. याडीनं मात्र कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ते फडकं काढलं, त्याला एक फास दिला आणि डावा हात त्यात अडकवून ठेवला. तशीच ती जेवायची. भाजी अंगावर सांडायची, घास नाकाला लागायचा. "लेकरू हाय मी आता," म्हणायची आणि पुन्हा घास उचलायची. मला ती लाज सोसली नाही. बायको स्वयंपाकघरात गेली की मी थैली काढून ठेवत असे. ती यायच्या आत पुन्हा चढवत असे.

मग तो सोमवार आला. याडीनं चहाचा भरलेला पेला उजव्या हातात धरून ओठांपर्यंत नेला आणि एक थेंबही सांडू दिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं तर सगळ्यांत जोरात. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "अहो, ती बाई पहा, चहा पिऊन राह्यली. तुम्ही अजून थैली घालायले कंटाळता." म्हणजे तिला माहीत होतं.

आयुष्यभर मी पुस्तकांच्या पाठीवर अंक आणि नावं लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं. हा हात पेन धरील की नाही, एवढी एकच गोष्ट मी देवाला नाही, पण स्वतःला रोज विचारायचो. मॅडमनी मला वही दिली होती. रोज उजव्या हातानं नाव लिहायचं आणि आणून दाखवायचं. तोवर वहीत फक्त रेघोट्या होत्या. बुधवारी मी त्या वहीत माझं पूर्ण नाव लिहून नेलं. वेडंवाकडं, थरथरतं, पण वाचता येईल असं. मॅडम म्हणाल्या, "काका, कमाल केली!" खोलीत टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी होत्या आणि याडी त्या ऐकत होती. मला फार बरं वाटलं.

निघताना याडी लंगडत माझ्याजवळ आली. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं वहीकडे पाहिलंच नाही, माझ्या डाव्या पंजाकडे पाहिलं. करंगळीखालची सगळी कड निळी झाली होती. ओल्या अक्षरांवरून डावा हात पुढे घासत गेला होता.

"शाई तं या हाताले लागली जी," ती इतक्या हळू म्हणाली की माझ्या बायकोलाही ऐकू गेलं नाही. "काहून करता असं? तुमचीच ओळ तुम्हीच चोरता?"

तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिच्यावर निदान चिडू शकलो असतो.

पुढच्या वेळी तिनं मला एक पिशवी आणून दिली. आत वाळलेली, न वेचलेली कापसाची बोंडं होती. "चिमटीत धरजा अन् सोडवजा. ओढजा नोको. ओढलं की अर्धा कापूस आतच राह्यते. तुम्ही हात बी ओढता, म्हणून मूठ मिटते." मी पिशवी घेतली आणि घरी नेऊन माळ्यावर टाकली. तिच्या उपायानं बरं होण्यापेक्षा न झालेलं परवडलं, असं मी खरोखर म्हणालो. स्वतःशीच, पण म्हणालो.

हंगामात ती वावरात जाऊ लागली. थोडा थोडा कापूस दोन्ही हातांनी वेचते, असं तिच्या मुलानं सांगितलं. मग एका सोमवारी बांगड्या ऐकू आल्या नाहीत. बुधवारीही नाही. बायकोनं तिच्या मुलाला फोन लावला. याडीला दुसरा झटका आला होता. दवाखान्यात पोचेपर्यंतच सगळं संपलं होतं.

आम्ही तांड्यावर गेलो. दाराशी खुंटीला ते फडकं लटकत होतं, फास तसाच. तिच्या सुनेनं मला निरखून पाहिलं.

"तुम्हीच काय ते बुकवाले? लय जळे आमची याडी तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"हो जी. म्हणे, त्या माणसाचा हात उघडला तं तो काही बी लिहीन. माहा उघडला तं कापूसच वेचीन. रोज तुमच्यावर चिडून जास्तीचा हात हलवे." ती पदरानं डोळे पुसत हसली. "म्हणे, एक दिवस त्याच्याकडून माहं नाव लिहून घेईन. उजव्या हातानं, असं बी सांगे. उजव्याच कायले, ते काही आमाले समजलं नाही."

तिचं नाव काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सुनेला विचारलं.

घरी आल्यावर बायकोकडून पिशवी माळ्यावरून काढून घेतली. डाव्या हातावर थैली चढवून तिलाच गाठ मारायला लावली. पहिल्या दिवशी एकही बोंड सुटलं नाही. बोंडाचं सुकलेलं टोक अंगठ्यात रुतलं आणि दुखलं. कितीतरी दिवसांनी त्या अंगठ्याला काही दुखत होतं. मी ओढणं सोडलं. चौथ्या आठवड्यात पहिला कापूस अखंड हातात आला. घरात कोणी नव्हतं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं आणि ऐकून जळायलाही कोणी नव्हतं.

पिशवी रिकामी झाली तेव्हा मी हे लिहायला घेतलं. दिवसाला तीन-चार ओळी होतात. व्यायामाच्या खोलीत आता नवे लोक असतात, मी अजूनही पाठ करून बसतो आणि तिचा हेवा अजूनही गेलेला नाही. माझ्यासारखं खोटं तिनं एकदाही केलं नाही, याचाच तो हेवा आहे.

आज शेवटी तिचं नाव लिहिलं. रुपलीबाई. 'रु'ला दोनदा थांबावं लागलं. लिहून झाल्यावर थैलीची गाठ दातांनी सोडली, डावा पंजा उजेडात धरला आणि करंगळीखालची कड पाहिली. कोरी होती.