शुद्ध घाण पाणी

रसायनशास्त्रात मी डॉक्टरेट केली ती घाण पाणी स्वच्छ करण्यावर. त्यातलं घाण पाणी मीच बनवलं होतं. एवढंच सांगितलं की लोक हसतात, म्हणून क्रमाने सांगते.

सुरुवात खऱ्या पाण्याने झाली. माझे बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये टाइम ऑफिसात क्लार्क होते. मिलच्या रंगाईचं पाणी मागच्या नाल्यात सुटायचं. कापडाला जो रंग, तोच त्या दिवशी नाल्याला. सोयाबीनच्या भुशाचा कोळसा करायचा आणि त्याने या पाण्यातला रंग शोषून घ्यायचा, असा माझा विषय. त्या काळी देशात असं एक टरफल उरलं नव्हतं ज्यावर कोणी ना कोणी पीएचडी करत नव्हतं. कुणाच्या वाट्याला करवंटी, कुणाच्या शेंगांची फोलं. माळव्यात सोयाबीन फार, म्हणून मला सोयाबीन. मी लुनाला कॅन बांधून नाल्यावर जायचे आणि मिलचा चौकीदार लांबून ओरडायचा, "दीदी, आज लाल है! नीला चाहिए तो कल आना!"

मग मिल बंद झाली. शहरातल्या बाकीच्याही एकेक करून होतच होत्या. पेपरात रोज उदारीकरणाचं कौतुक यायचं आणि बाबा घरी बसून ते मोठ्याने वाचायचे, कारण आता वेळच वेळ होता. घर माझ्या फेलोशिपवर आलं. डिग्री मिळाली तर एका कॉलेजात लेक्चररची जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर आम्ही सगळेच घरी बसून पेपर वाचणार होतो.

नाला आटला तशी मी गाइडसरांकडे गेले. सर मराठीच, पण तीन पिढ्या इंदूरचे.

"सर, सॅम्पल संपलं. मिल बंद आहे."

"अरे यार, मिल बंद झाली, टॉपिक थोडाच बंद झालाय? रजिस्टर्ड है. बदलायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

"मग पाणी कुठून आणू?"

"बनव."

राजवाड्यामागच्या दुकानातून कपड्याचा रंग आणला. डिस्टिल्ड वॉटर घेतलं, म्हणजे पाणी उकळून, वाफ थंड करून थेंबाथेंबाने जमवलेलं. त्यात तो रंग, मीठ, सोडा आणि खळ घालून ते व्यवस्थित नासवलं. उन्हाळ्यात आमच्या सुदामा नगरात बायका टँकरमागे बादल्या घेऊन धावत होत्या, आणि मी लॅबमध्ये शहरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी घाण करत होते. सर बीकर उजेडात धरून बघायचे. "रंग जमलाय. पण वास नाही येत गं." लोणच्यात मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

निकाल मात्र उत्तम आले. खऱ्या नाल्यात तेल, सुताचे तुकडे, तंबाखूच्या पिचकाऱ्या असं बरंच काही असायचं आणि तिथे भुसा हात टेकायचा. आम्ही बनवलेला रंग त्याने मुकाट्याने गिळला. मिल बंद झाल्यामुळे रीडिंग सुधारली, असं सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

थिसिस लिहिताना वाजलं. मी जिथे तिथे 'सिंथेटिक' सांडपाणी असं लिहिलं होतं, म्हणजे कृत्रिम, बनवलेलं.

"सिंथेटिक काढ," सर म्हणाले. "टायटलमध्ये मिलचं पाणी आहे. एक्झामिनर पकडेल."

"पण पाणी मिलचं नाहीये, सर."

"मिलवाल्याच्या मुलीने बनवलंय ना?"

मी काढलं नाही. सरांनी काही दिवस अबोला धरला. मग एका सकाळी खुशीत आले. "राहू दे, राहू दे. वाचणारा समजेल, सिंथेटिक कापडाच्या मिलचं पाणी. पॉलिएस्टर! उलट मॉडर्न वाटतं."

आणि तोंडी परीक्षेत अगदी तेच झालं. बाहेरगावचे एक्झामिनर थिसिस चाळत म्हणाले, "बहुत दूर की सोची आपने. कॉटन तो खतम है. फ्यूचर सिंथेटिक का ही है."

सर माझ्याकडे बघून उघड उघड मान हलवायला लागले: हो म्हण. हो म्हटलं की डिग्री, डिग्री आली की नोकरी. पण त्यानंतरचा प्रश्न पॉलिएस्टरवर येणार हे दिसत होतं, आणि अंगावरची साडी सोडली तर पॉलिएस्टरबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. तेव्हा यात सत्याचा फार कळवळा कुणी शोधू नये.

"नहीं सर. मिल कॉटन की ही थी. पानी सिंथेटिक है. मैंने बनाया है."

"और मिल?"

"बंद."

"तो इस भूसे का करेंगे क्या?"

"जब मिल दोबारा खुलेगी, तब..." सर मध्ये पडले.

"नहीं खुलेगी," मी म्हटलं. "मेरे पिताजी उसी में थे. घर बैठे हैं."

एक्झामिनरांनी थिसिस मिटला. आता हे उठून जातील असं मला वाटलं. सरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने कचोरीची बशी पुढे केली.

"मेरा एक स्टूडेंट केले के छिलके पर कर रहा है," एक्झामिनर शेवटी म्हणाले. "पानी वो भी खुद ही बनाता है. बस, लिखता नहीं." त्यांनी सही केली. अट एकच: 'सिंथेटिक' हा शब्द टायटलमध्येही घालायचा. ज्या टॉपिकला ब्रह्मदेवही हात लावू शकत नव्हता, तो एका अर्जावर चहा संपायच्या आत बदलला.

घरी येऊन सगळं सांगितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे घाण पाणी बनवलंस म्हणून तुला डॉक्टर केलं? आमची मिल इतकी वर्षं नाले भरभरून बनवत होती. तिला तर कुलूप लावलं."

"तिला गाइड नव्हता, बाबा," मी म्हटलं.