इंजिन बंद असलेला दवाखाना

फिरता दवाखाना घ्यायचं ठरलं तेव्हा मला नवीच गाडी हवी होती. जुनी कशाला? माझ्या संसारातलं कपाट जुनं, दवाखान्यातली खुर्ची जुनी, टेबल तर दिराच्या दुकानातलं. जन्मभर दुसऱ्याचं वापरलेलंच पुसून पुसून वापरायचं का?

नव्वदच्या दशकात मी हिंगोलीत दातांच्या डॉक्टरची पाटी लावली. खेड्यातल्या माणसाचा दात दुखला की आधी लवंग, मग मिश्री, मग शेजारणीनं सांगितलेलं काहीबाही, आणि सगळं करून थकलं की मग मी. तोवर दाताचा नुसता खुंट उरलेला असायचा. माझं डोकं सणकायचं. "इतके दिवस झोपला होता का?" म्हणून मी ओरडायचे आणि पेशंट निमूट ऐकून घ्यायचा, कारण उत्तर द्यायला त्याचं तोंडच उघडत नसायचं. बायका तर त्याहून उशिरा यायच्या, तेही कुणी आणलं तर. म्हणून दवाखानाच गावात न्यायचा, असं मी डोक्यात घेतलं होतं.

आठवड्यातून एकदा मी औंढ्याला एका भाड्याच्या खोलीत बसायचे. तिथं एक बाळंतीण आली. शिरड शहापूरच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावरची, छातीशी लेकरू. एक गाल सुजून तुकतुकीत झालेला, जबडा बोटभरही उघडेना. भाकरी जात नव्हती, त्यामुळं दूध आटत चाललेलं आणि लेकरू किरकिरून हैराण. नवरा ऊसतोडीला गेलेला. सोबत सासू होती, हातभर पांढऱ्या बांगड्या आणि आरशांची ओढणी घातलेली उंच म्हातारी. तांड्यावर सगळे तिला याडी म्हणायचे, याडी म्हणजे आई.

औंढ्याच्या खोलीत ना मशीन ना उजेड. मी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "हिंगोलीला या, पू काढून दात काढावाच लागेल. न्हाई काढला तर सूज गळ्यात उतरंल." याडीनं गोळ्यांची चिठ्ठी ओढणीत बांधली आणि सुनेला उठवलं. ही काही येत नाही, हे मला कळून चुकलं. मग मीच म्हणून बसले, "बरं, मी येते तांड्यावर. गाडी घेऊन येते."

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे हसायलाच लागले. "कोणती गाडी, डॉक्टरीणबाई? आपण अजून घेतली का?"

हे शाळेत गणित शिकवायचे, पण जीव सगळा गाड्यांत. नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची गाडी त्यांनी हेरून ठेवली होती. पूर्वीची शाळेची मिनीबस, आत दातांची खुर्ची बसवलेली, निळा रंग उडून पत्रा दिसायला लागलेला. डॉक्टरांचे गुडघे गेले म्हणून ती विकायला निघाली होती. मी एकदा बघितली आणि नाक मुरडलं. खुर्ची वर करताना ती अशी किंचाळली की पेशंट सोडा, मीच घाबरले.

नव्या गाडीवाल्यांचा माणूस औरंगाबादहून गाडी दाखवायला घेऊन यायला तयार होता. मी म्हणाले, दाखवायचीच तर तांड्यावर दाखवा. दात काढूनच बघते.

गाडी आली आणि माझा जीव हरखला. पांढरीशुभ्र, आत एसी, खुर्ची बटणावर चालणारी, दार सरकवलं की आवाज नाही. धूळ उडवत आम्ही तांड्यावर पोचलो. बायका, लेकरं सगळी गोळा झाली. याडी सुनेला धरून घेऊन आली. मी आनंदानं हातमोजे चढवले. त्या गाडीची सगळी यंत्रं इंजिनावर चालायची, म्हणून ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सुनेनं पायरीवर पाय ठेवला आणि याडीनं तिला दंडाला धरून अशी मागं ओढली की बिचारी पडता पडता वाचली.

"न्हाई बसायची! आमी न्हाई बसायचो!"

"अहो, काहून?" मी ओरडले. "पोरगी मरंल ना!"

"गाडी चालू हाय."

"मग चालूच लागते! बंद ठेवून कसा दात काढू?"

ती ऐकेना. माझा स्वभाव हा असा, आग डोक्यात गेली. मी तावातावानं म्हणाले, "दात इथं काढू देत न्हाई तर असू द्या, मी हिला अशीच गाडीत घालून घेऊन जाते हिंगोलीला!"

झालं. क्षणात मैदान मोकळं. बायका लेकरं उचलून घरात गेल्या, दारं लागली. मी, गाडी, ड्रायव्हर आणि गाडी दाखवायला आलेला टायवाला माणूस, एवढेच उरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, लिंबाखाली बसले होते. ते उठून आले. "बाई, रागावू नको. तिचं बराबर हाय," ते म्हणाले. आणीबाणीत नसबंदीचा धाक होता त्या काळात एक गाडी तांड्यावर आली होती. अशीच पांढरी. तपासून सोडतो म्हणाले, माणसं आत बसली, दार लागलं अन् गाडी चालू झाली. याडीचा नवरा होता त्यात. "परत आला, पर तिचा पाळणा त्या एका पोरावरच थांबला. तकलीफ कुनाला सांगती? चालू गाडी दिसली की ती कुनाला आत चढू देत न्हाई."

गोळ्यांचा आणखी एक पुडा नाईकांच्या हाती देऊन मी परत आले. रात्रीचं जेवण गेलं नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "नांदेडच्या गाडीला इंजिन लागत नाही. तिचा जनरेटर वेगळा आहे, खाली जमिनीवर ठेवायचा." मग डॉक्टरांना फोन करून त्यांनी ती गाडी वापरून बघायला मागून आणली.

दोनच दिवसांत आम्ही परत तांड्यावर. या वेळी कुणी जवळ फिरकेना. ह्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं, चाकांना पुढूनमागून धोंडे लावले, जनरेटर उतरवून लांब ठेवला. दार सताड उघडं. मी पायरीवर बसून राहिले, आणि माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे काय ते समजा. बऱ्याच वेळानं याडी आली. मागं सून, सूज आता हनुवटीखाली उतरलेली. मला भीतीच वाटली.

याडी ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि हात पुढं केला. "चावी दे."

ह्यांनी चावी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती ओढणीच्या टोकात बांधली, गाडीच्या पुढं गेली आणि पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसली, नातवाला मांडीवर घेऊन. मग सुनेला म्हणाली, "जाय."

पू काढला, दात काढला. पोरगी रडली, मग थुंकली, मग चक्क हसली. "बाई, हलकं वाटून राहिलं," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी याडीनं दुपार टळेपर्यंत चावी सोडली नाही, कारण एकीचं झालं की दुसरी येऊन बसत होती. परतताना मी ह्यांना म्हणाले, "हीच घ्या." त्यांनी एकदाही 'मी म्हणत होतो ना' ऐकवलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुढं कितीतरी वर्षं ती निळी गाडी कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत फिरली. कुठल्याही गावात गेलो की आधी चावी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या हाती द्यायची, हा आमचा रिवाजच झाला. लोक आम्हाला हसायचे. हसू देत. बायका यायला लागल्या होत्या, वेळेवर यायला लागल्या होत्या, मला आणखी काय पाहिजे?

याडीच्या तांड्यावर चावी तिच्याकडेच असायची. दर खेपेला चाकाशी बसायची, पण गाडीत तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. मी किती वेळा म्हणाले, तुमचा दात दाखवा, गाल धरून बसता. नुसती मान हलवायची.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. हिवाळ्यातली सकाळ होती. सगळ्या बायकांचं आटोपलं, मी हातमोजे काढत होते, तेवढ्यात पायरीवर बांगड्या वाजल्या. याडी चढत होती. दांडीला धरून, एकेक पाय उचलत. मी हात द्यायला गेले तर झटकला. खुर्चीत बसली, खुर्ची किंचाळली, ती हलली नाही. मी आरसा हातात घेतला तर म्हणाली, "थांब."

तिनं ओढणीची गाठ सोडली आणि चावी माझ्या हातात ठेवली.

"मी आत हाय, तवा भाईर कोन धरंल? तूच धर," ती म्हणाली. "अन् दार लावून घे. डोळ्यावर ऊन येऊन राहिलं."

मी दार लावलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. चावी अंगातल्या कोटाच्या खिशात टाकली, डोळे पुसले आणि म्हणाले, "याडी, तोंड उघडा." तिनं उघडलं.