रोलमधला शेवटचा फोटो

"फक्त प्रिंट स्कॅन करायच्यात की निगेटिव्हही?" दुकानदाराने विचारलं. प्रिंटसाठी साधा स्कॅनर पुरतो. निगेटिव्हसाठी झाकणातही दिवा असलेला घ्यावा लागतो. मी म्हणालो, "निगेटिव्हही." आई गेल्यावर सगळे अल्बम पालथे घातले, त्यांत ती कुठेच नव्हती.

छत्तीस फोटोंचा रोल आम्ही जपून वापरायचो. मुंजी, सहली, माझी नवी स्कूटर. शेवटी एखादा फोटो उरला की रोल धुवायला द्यायची घाई व्हायची आणि मी स्वयंपाकघराकडे ओरडायचो, "आई, ये गं, रोल संपवायचाय!" ती पदराला हात पुसत यायची, केस सारखे करायला लागायची. तोवर मी बटण दाबलेलं असायचं. असल्या फोटोंच्या प्रिंट कोण काढतो? स्कूटरच्या मात्र तीन काढल्या होत्या.

दुकानदाराने नमुन्यासाठी मी नेलेल्या निगेटिव्हची एक पट्टी स्कॅनरच्या काचेवर ठेवली. पडद्यावर स्कूटर लख्ख उमटली. तिच्या शेजारच्या चौकटीत आई, रोल संपल्यामुळे अर्धीच कापलेली.

"हा शेवटचा खराब आहे," तो म्हणाला. "सोडून देऊ ना?"

इतकी वर्षं आम्ही दुसरं काय केलं होतं?