एनिसहून कॅनडाचा कारभार

कॅनडातली अख्खी ग्रामीण म्युनिसिपालिटी आयर्लंडमधल्या एनिसच्या स्वयंपाकघरात बसून चालवणारा माणूस जगात एकच, माझ्या मैत्रिणीचे सासरे. सांगलीकडचे निवृत्त ग्रामसेवक. दोन हजार वीसच्या मार्चात मुलाकडे आले, पुढे कॅनडातल्या मॅनिटोबात लेकीकडे जायचे होते, आणि विमानेच बंद झाली. दुसरा कोणी टीव्ही लावून बसला असता. काकांनी लेकीच्या गावाचा अभ्यास काढला. जमीन मुळात कोणत्या लोकांची, रेल्वे आल्यावर युक्रेनची माणसे कुठे उतरली, स्कॉटलंडची कुठे, कोणत्या वॉर्डात गहू, कोणत्यात बटाटा, सगळे तोंडपाठ. मी सामान पोचवायला गेले की दारातच सुरुवात.

"ताई, दोन म्युनिसिपालट्या जोडून एक केली, पर मनं काय जुळली न्हाईत."

"काका, कोथिंबीर मिळाली नाही."

"ऱ्हाऊ दे. त्यांच्याकडं बी दुकान एकच हाय."

तिथल्या सभा ऑनलाइन झाल्या आणि काकांना सूर सापडला. तिथली सकाळ म्हणजे आमची चहाची वेळ. कोट घालून बसायचे. एकदा ठराव आला, सगळे गप्प, काकांनी सवयीने हात वर करून "अनुमोदन!" म्हणून टाकले. अध्यक्षबाई चष्मा पुसून बघत राहिल्या.

पण हिवाळ्यात काकांची झोप उडाली. लेकीचे दिवस भरत आलेले, हॉस्पिटल लांब, आणि तिच्या घरापुढचा बर्फ कोणीच काढत नव्हते. काकांनी जुना नकाशा शोधला. "शिवंचा रस्ता हाय. दोन्ही जुन्या हद्दींच्या मधला. त्यांना वाटतंय ह्यांचा, ह्यांना वाटतंय त्यांचा." मग प्रश्नांच्या वेळेला ते बोलले, मी माझ्या घरून दुभाषी. अध्यक्षबाईंनी वॉर्ड विचारला. एनिस म्हटल्यावर हशा पिकला. काका हसले नाहीत.

"त्यांना सांगा, मला काय येता येत न्हाई. निदान लेकीची गाडी तरी जाऊ द्या."

जुन्या उत्तर हद्दीच्या सभासदाने तो रस्ता साफ करायचा ठराव मांडला, दक्षिण हद्दीच्याने अनुमोदन दिले.

जानेवारीत जावयाचा फोन आला. बर्फ काढणारी गाडी पुढे, त्यांची मागे, हॉस्पिटलात वेळेत पोचले. मुलगी झाली.

कॅनडाला जाणे काही जमले नाही; एकवीसच्या उन्हाळ्यात काका भारतात परत निघाले. निरोप देताना मी म्हटले, "आता पुढच्या खेपेला कॅनडा."

"कशाला? तिथलं काम झालं की," काका म्हणाले. बॅगेची चेन ओढली, नीट लागली का पाहिले, आणि हळूच म्हणाले, "नात तेवढी बघायची ऱ्हायली."