सीडी की फाईल: काकांची पैज

आमच्या मजल्यावर खरे कान असलेली माणसं दोनच. एक मी, माझे कान शेजारच्या भिंतीला. दुसरे सीडीकाका, त्यांचे कान सीडीला. माझ्या कानांनी कुणाचं भलं केलेलं नाही, पण काकांना त्यांच्या कानांनी जे दाखवलं, ते शत्रूलाही दिसू नये.

काकांचं चौकात सीडीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने शीळ घालून दाखवली, तीही बेसूर, तरी काका बरोबर गाण्याची सीडी काढून देत. पुढे लोकांची गाणी फोनमध्ये शिरली, दुकानाच्या जागी चष्मेवाला आला, आणि काकांनी उरलेला माल घरी आणून मागच्या खोलीची एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत भरून टाकली. काकू म्हणायच्या, "लोक घरात सोनं आणतात, यांनी प्लास्टिक आणलं."

रोज संध्याकाळी काका एक डबी उतरवायचे, उघडून मधल्या खुंटीवर अंगठा दाबायचे. टक् व्हायचं आणि सीडी सुटून हातात यायची. ते टक् झालं की माणूस संपला. काकू जेवायला हाका मारून घसा बसवून घेत, पण हे ढिम्म.

मग सुनेला दिवस गेले. पाळणा ठेवायचा कुठे, तर मागच्या खोलीत, त्याच भिंतीशी. नेमकं तेव्हाच काकांच्या सीडी प्लेअरचं भिंग गेलं आणि तो दुरुस्तीला पडला. कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणाला, "बाबा, तोवर सगळ्या सीड्या फाईलमध्ये उतरवून घेतो."

"घे. नक्कल घे, अस्सल जागेवर ठेव."

"अस्सल-नक्कल काही नसतं त्यात. ही दाबून पिळलेली फाईल नाही. सीडीवरचा एकूणएक आकडा जसाच्या तसा, काहीच गाळलेलं नाही."

"आकडे असतील तेच. फाईल सपाट वाजते. सीडीच्या आवाजाला पाठ-पोट असतं."

"मी या खोलीतून ओरडलेलं त्या खोलीत ऐकू येत नाही," काकू आतून म्हणाल्या, "आणि म्हणे आवाजाला पोट असतं."

झालं, पैज लागली. प्लेअर परत आला की परीक्षा. सीडी कोणती आणि फाईल कोणती हे काकांना ओळखता आलं, तर भिंत राहील. नाही आलं, तर रिकामी. पंच म्हणून मला बोलावलं, कारण फुकट चहावर दुसरं कोण येणार?

रविवारी दुपारी मी दोन कपाटांना चादर बांधली. पलीकडे मुलगा आणि त्याची यंत्रं, अलीकडे काका, डोळे मिटून. एकच गाणं दोनदा वाजे. काका ऐकत, मान हलवत आणि निकाल देत. "पहिली सीडी. गायिकेने श्वास घेतलेला ऐकू आला." पुढच्या गाण्याला, "दुसरी सीडी. पहिल्यात तबला पत्र्यावर वाजतोय." असं पाच गाण्यांना. एकदाही अडखळले नाहीत. मी मनात म्हटलं, गेला पाळणा स्वयंपाकघरात.

मुलाने चादर बाजूला केली. प्लेअरची वायर टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली होती. "दोन्ही वेळा फाईलच होती बाबा. पाचही गाण्यांना."

सून हसली, काकू हसल्या, मीही हसलो. काकाही हसले, जरा उशिरा.

"हरलो," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. पण आता एकदा खरी सीडी लाव. फरक नाही ना, मग तो नसलेला फरक ऐकू दे."

मुलगा वायर सोडवत बसला. ती काही केल्या सुटेना. काका स्वतःच उठले, एक डबी उतरवली, उघडली आणि सवयीने अंगठा दाबला. टक् झालं नाही. त्यांनी दुसरी उघडली. तिसरी. नंतर नुसत्याच डब्या उघडत गेले.

माझी नजर खिडकीबाहेर गेली. गेले दोन आठवडे सुनेच्या बाल्कनीत दोरीला चकचकीत चकत्या टांगलेल्या होत्या, कबुतरं पळवायला. त्यावर मी एक चांगला विनोदही केला होता. काकांनी मी कुठे बघतोय ते पाहिलं.

"बाकीच्या?" त्यांनी विचारलं.

"रद्दीबरोबर गेल्या," मुलगा म्हणाला. "उतरवल्यावर परत एकेक डबीत कोण घालणार? आणि बाबा, आवाज तोच आहे. तुम्ही स्वतःच ऐकलंत."

"आवाजाचं मी कुठे काय म्हणतोय?" काका डबी बंद करत म्हणाले. "तू बरोबरच आहेस. मी एवढंच विचारतो, मी जिंकलो असतो तर काय दिलं असतंस?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. पंच चहा पीत होता.

आता तिथे पाळणा आहे, नात आहे. सगळी गाणी एका काडेपेटीएवढ्या डबीत घालून मुलाने काकांच्या उशाशी ठेवली आहेत, काहीही न गाळता. ती काकांनी एकदाही लावलेली नाहीत. कबुतरं पहिले चार दिवस बिचकली. आता त्याच दोरीवर बसून चकत्यांत तोंड बघतात.

परवा काकू जिन्यात भेटल्या. मी खोड काढली, "काय काकू, काकांना ऐकू येऊ लागलं का?"

"येतं की. पहिल्या हाकेला ओ देतात," त्या म्हणाल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दोन-तीन हाका मारायची सवय होती हो मला."